काकूंचा आवाज

बाटल्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या काकांना फोनचं फारसं कौतुक नव्हतं. पण काकूंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. मग ऑपरेशनच्या आधी काका फोन घेऊन बायकोच्या मागे मागे फिरू लागले.

"काहीतरी बोल."

"असं बोल म्हटल्यावर कुणाला सुचतं का हो?" काकू वैतागायच्या, आणि मग तासभर बोलत बसायच्या. लहानपणीचं, सासूचं, शेजारणीच्या भांडणाचं. मधेच आपल्याच बोलण्याला हसायच्या. ते सगळं फोनमध्ये राहिलं.

ऑपरेशननंतर घर मुकं झालं. काका जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या मागे खोक्यावर बसून एकेक रेकॉर्डिंग ऐकत.

पुढे कंपनीचा हुकूम निघाला, ऑफिसचा मेल प्रत्येकाने स्वतःच्या फोनवर घ्यायचा. कॉम्प्युटर विभागातला माणूस फोन जोडून द्यायला आला. स्क्रीनवर लांबलचक मजकूर आला.

"यात काय लिहिलंय?"

"नेहमीचंच असतं काका. 'मान्य' दाबा."

काकांनी दाबलं. तेव्हापासून साहेबांचे मेल जेवताना यायचे, दवाखान्याच्या रांगेतही यायचे. काका मुकाट्याने उत्तरं देत.

मग एक भट्टी बंद पडली आणि माणसं कमी करायचं ठरलं. मॅनेजरने काकांना बोलावून आजचा दिवस शेवटचा म्हणून सांगितलं. डबा घेऊन ते गेटपाशी पोचले तोच हातातला फोन आपोआप बंद झाला. परत सुरू झाला तेव्हा दुकानातून नुकताच आणल्यासारखा भाषा कोणती हवी विचारत होता. आत काहीही नव्हतं.

काकांनी वॉचमनला सांगून कॉम्प्युटरवाल्याला खाली बोलावलं.

"माणूस गेला की कंपनीचा मेल पुसावा लागतो, काका. आपल्याकडे नुसता मेल पुसायची सोय नाही. सगळा फोनच पुसला जातो. तुम्ही 'मान्य' दाबलं त्यात ही परवानगीही होती."

"परत आणता येईल?"

"कुठे दुसरीकडे ठेवलं होतं का?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

नोकरी गेल्याचं काकांनी घरी लगेच सांगितलं. दुसरं सांगायला जीभ रेटेना. शेवटी मुलगा घरी आला तेव्हा ते बोलले. काकूंनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

मुलाने स्वतःचा फोन धुंडाळला. कधीकाळी आईने बोलून पाठवलेला एकच निरोप सापडला. त्याने तो लावला. "फोन का उचलत नाहीस रे? मेले-जगले तरी तुला पत्ता नाही. ठेवते."

काकूंनी खूण केली, पुन्हा लाव. मुलाने लावला. निम्म्यातच त्या उठून आत गेल्या.

"बंद कर आता," काका म्हणाले.