रुमालाखालचा पेंग्विन

बबन दलालाने मला फसवलं. पेंग्विन चावला त्याला आणि महाड-पोलादपुरात हसं झालं माझं.

बबन दासगावचा, बकऱ्यांच्या सौद्यातला दलाल. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल हातावर रुमाल टाकतो आणि त्याखाली बोटं दाबून सौदा ठरतो. रुमालाखालचं बाहेर फुटत नाही. फोडणाऱ्याशी पुन्हा कोणी व्यवहार करत नाही. दुसऱ्यांच्या शेळ्या राखणारा मी व्यापारी झालो, तो हे पाळूनच. बबनचा रुमाल लाल चौकड्यांचा, कधी न धुतलेला. "धुतला तर त्यातली अक्कल जाईल," म्हणायचा.

एकदा नाते गावात चहा पिताना त्याने टीव्हीवर पेंग्विन पाहिला. नर चोचीतून खडा आणून मादीपुढे ठेवत होता. तिने तोंड फिरवलं की दुसरा आणत होता.

"हा आपल्या धंद्यातला हाय," बबन म्हणाला. "याला भेटाया पायजे."

"मुंबईत आहेत की," मी म्हणालो.

"पिंजऱ्यातलं जनावर खरा भाव सांगत नाय रे. मोकळा पायजे."

त्याच्या या एका वाक्यापायी आम्ही आफ्रिकेचं दक्षिण टोक गाठलं. सहल कंपनीच्या माणसाला मी भाव करताना घाम फोडला, ते वेगळं. तिथे पांढरी वाळू, हत्तीएवढे गोल खडक आणि त्यांच्यामधून ग्रामसभेला उशीर झाल्यासारखे लगबगीने चाललेले पेंग्विन. बबनने कठड्याखालून हात घातला. मुठीत खडा, वर रुमाल.

"बोल, काय देतोस?"

पेंग्विनने मान आधी डावीकडे, मग उजवीकडे कलती करून माल नीट पाहिला आणि रुमालासकट बोट धरलं. रखवालदार ओरडत धावला. बबन रक्त पुसत म्हणाला, "खडा बारका वाटला त्याला."

परतीच्या विमानात त्याने माझ्या हातावर रुमाल टाकला आणि पट्टी बांधलेल्या बोटाने माझं बोट दाबलं. "गावात बोलायचं नाय." मी उलट दाबलं. सौदा झाला.

आणि महाडच्या स्टँडवर उतरताच हा पठ्ठ्या बोट वर करून सांगतो, "आमचे शेठ पेंग्विनशी घासाघीस कराया गेले. मी मधे हात घातला म्हणून वाचले."

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तोच त्याने खिशातून रुमालाचा कोपरा वर काढून दाखवला. बसलो गप्प. तेव्हापासून मी भाव जरा ताणला की समोरचा म्हणतो, "शेठ, त्या पेंग्विनला इचारा."

गेल्या पावसाळ्यात बबन गेला. त्याच्या ओटीवर जमलेली मंडळी तीच गोष्ट सांगत डोळे पुसत होती, हसत होती. मी तिथेही सौदा पाळला. निघताना त्याच्या बायकोने, सुलभावहिनींनी, तो रुमाल माझ्या हातात दिला.

"तुम्हालाच द्यायला सांगितला होता, भावोजी. आणि पेंग्विनशी घासाघीस कोणी केली ते मला ठाव हाय. आल्या दिवशीच सांगितलं होतं त्यांनी."

म्हणजे रुमालाखालचं खरं त्यानेच फोडलं होतं, तेही पहिल्याच दिवशी, आणि मी इतकी वर्षं जीभ चावून बसलो होतो. ही गोष्ट निघाली की सगळ्यांत मोठ्याने हसायच्या त्या वहिनीच.

रुमाल मी अजून धुतलेला नाही. पण दलाल गेला म्हणून भांडण मिटत नाही. वहिनी, आता जबाब तुम्ही द्यायचा. येत्या बाजाराच्या दिवशी पोलादपूरच्या नाक्यावर उभ्या राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, पेंग्विनशी घासाघीस कोणी केली होती.