फिनाइलचा गालिचा
दवाखान्याच्या जिन्यात फिनाइलचा वास आला की मला कलकत्त्याचं आमचं बिऱ्हाड आठवतं. धाकटा भाऊ पालथा पडायला लागला म्हणून आईने गालिचा फिनाइल ओतून घासला आणि मालीश केलेल्या बाळाला नुसत्या लंगोटावर त्यावर उन्हात निजवलं. थोड्याच वेळात त्याच्या पोटापाठीवर लालभडक पुरळ उठलं. तो किंचाळायला लागला. गल्लीत तेव्हा देवीची साथ होती. शेजारच्या काकीमा "मायेर दया," म्हणजे देवी आल्या, एवढं पुटपुटून दारातूनच मागे सरल्या. आत्याने दाराला कडुनिंब बांधला आणि बजावलं, "आता अंगाला पाणी लावायचं नाही." बाळाचा आवाज घोगरा होत गेला, तो थांबू नये म्हणून मी भिंतीला चिकटून देवाला विनवत होते. मग आईने लंगोट सोडला. आतली कातडी स्वच्छ होती. तिने वाकून गालिचा हुंगला आणि बाळाला घेऊन ती न्हाणीघराकडे निघाली. "वहिनी, देवी कोपेल!" आत्या ओरडली. "कोपली तर माझ्यावर कोपू दे," आई म्हणाली. दिवेलागणीपर्यंत पुरळ ओसरलं. पण पाणी ओतताना ती प्रत्येक तांब्यागणिक देवीची क्षमा मागत होती, ते मला अजून ऐकू येतं.