लाटसाहेबाची न्याहारी

धनाजी माने खोलीत शिरला की दोह्याच्या अल मुंतझा भागातल्या त्या खोलीत टीव्ही लावायची गरज पडत नसे. सिग्नलवरचा पोलीस, पंपावरचा नेपाळी, साहेबांच्या बायकोचं मांजर, गडी कशाचीही गोष्ट करून सांगायचा. पण हाच धनाजी शुक्रवारी दुपारी गावी बायकोला व्हिडिओ कॉल लावला की मुका व्हायचा.

"जेवलीस?"

"जेवले. तुमी?"

"जेवलो."

मग दोघंही फोनकडं बघत बसायची. लग्नाची हळद निघायच्या आत तो दोह्याला ड्रायव्हर म्हणून आला, आणि वर्षातून एकदा महिनाभर गावी जायचा. बबीताशी सगळा संसार झाला तो फोनवर. दोघांनी मिळून बघितलेलं, ऐकलेलं असं काही नव्हतंच. बोलणार तरी कशावर? फोन ठेवला की त्याला फार वाईट वाटायचं.

आता ड्रायव्हरच्या नोकरीत गाडी चालवणं थोडं आणि वाट बघणं फार. साहेब अल रय्यानच्या ऑफिसात मीटिंगला गेले की धनाजी पार्किंगमध्ये एसी लावून मोबाईल उघडायचा. तिथंच त्याला ती विलायती मालिका सापडली. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून काढलेली, हिंदीत डब केलेली. त्यात एक लाटसाहेब. बापजाद्यांची इस्टेट, हाताखाली नोकरांची फौज, स्वतःला काडीचं काम नाही, म्हणून बसल्या बसल्या खुनी शोधायचे. दर भागात कुठल्यातरी सरदाराच्या बंगल्यावर पाहुणे जमणार, त्यातला एक मरणार, आणि शेवटी लाटसाहेब चांदीच्या मुठीची काठी टेकत सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून खुनी दाखवणार. धनाजीला येडच लागलं.

एका शुक्रवारी 'जेवलीस' झालं, शांतता पसरली, आणि काही सुचेना म्हणून त्यानं सांगायला घेतलं, "अगं, एक म्हातारा सरदार मेला बघ. विष घालून."

बबीता सावरून बसली. "अगो बया! कुणी घातलं?"

झालं! तासभर फोन सुटला नाही. बबीता मधे मधे विचारत होती, त्याला दटावत होती, हसत होती. ती हसते कशी ते धनाजीला नीट ऐकायला मिळालं ते त्या दिवशी. शेवटी लाटसाहेब काठी टेकायला लागले तसा तो थांबला. "आता तूच सांग, कुणी मारला?"

"पुतण्यानं," बबीता ठामपणे म्हणाली. "घरात मढं पडलंय आणि ह्यो टेबलाला बसून अंडी खातोय! माणूस गेलं की घरात चूल पेटत न्हाई. शेजारी पिठलं-भाकरी आणत्यात, ती पण घशाखाली उतरत न्हाई. आन् ह्याला अंडी? त्योच."

पुतण्या नव्हता. डॉक्टर होता. पण त्यानंही अंडी खाल्ली होती. पुढच्या शुक्रवारी बबीतानं जॅम-पाव खाणारी जाऊ धरली, ती निर्दोष निघाली. त्याच्या पुढच्या वेळी तर तिनं टेबलावरचे सगळेच खुनी ठरवले. धनाजीनं समजावलं, "अगं, तिकडं सुतक-बितक नसतं. कुणीबी मरो, सकाळची न्याहारी चुकत नाही." बबीताचं तोंड एवढंसं झालं. "मग मला न्हाई जमायचं. तुमचं तुमीच बघा त्या लाटसाहेबाला."

आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. जेवलीस, जेवले, शांतता.

हातातोंडाशी आलेला घास गेला की हो! आठवडाभर धनाजी पार्किंगमध्ये विचार करत बसला, आणि शुक्रवारी त्यानं नवा खून सांगताना बेधडक पदरचं घातलं. सकाळी प्रेत सापडलं. सगळं घर सुन्न. जहागीरदारीणबाई चहालासुद्धा शिवल्या नाहीत. मुलगा उपाशी, सून उपाशी, दिवाणजी कोपऱ्यात डोळे पुसतोय. फक्त कर्नल तेवढा अंड्यावर मीठ भुरभुरतोय.

"कर्नल!" बबीता ओरडली.

"कर्नलच!" धनाजीही ओरडला.

वरच्या खाटेवर त्याचा दोस्त सुरज पडला होता. चिपळूणचा इलेक्ट्रिशियन, ती मालिका त्यानंही बघितलेली. फोन बंद झाल्यावर तो खाली वाकून म्हणाला, "मेल्या, त्या जहागीरदारणीनं दोन पाव खाल्लेनी. मी बघितलंय."

"गप रे. तुला काय करायचंय?"

तिथनं पुढं बबीता एकदाही हरली नाही. गावात बातमी झाली. शेजारची दुर्गा यायला लागली, मग आळीतल्या चार बायका शेंगा फोडायला घेऊन अंगणात बसायच्या आणि बबीता फोन स्पीकरवर टाकायची. सगळ्या तिला फौजदारीणबाई म्हणायला लागल्या. धनाजीला इकडं आनंदानं जेवण जाईना आणि तिकडं विलायतेत त्यानं अख्खी घराणी उपाशी ठेवली. "अरे, निदान त्या आजारी पोरीला दूध तरी दे," सुरज कळवळून म्हणायचा. खलास! एक घोट नाही.

पण मालिका म्हटली की ती संपायचीच. शेवटचा भाग उरला तसा धनाजी उदास झाला. हा एक खून झाला की पुढं बोलायचं काय? पुन्हा ती शांतता त्याला सोसणार नव्हती. त्या शुक्रवारी त्यानं जड मनानं फोन लावला. अंगणात बायका जमलेल्या, पण शेंगा नाहीत, आवाज नाही. बबीताचा चेहरा गंभीर.

"थांबा," ती म्हणाली. "आदी माझं ऐका. दुर्गीला तुमची ती मालिका घावली मोबाईलवर. आठवडाभर बसून आमी समदी बघितली."

वर सुरज उठून बसला.

"समदी?" धनाजीनं विचारलं.

"समदी. जहागीरदारीण दोन पाव खाती. मुलगा खातोय, सून खाती, त्यो दिवाणजी तर आत जाऊन उरलंसुरलं बी खातोय. म्हंजे मला एकबी खुनी घावला नव्हता. तुमीच मला धरून देत हुता."

"बबे, अगं, तू बोलायची बंद झालीस, मला करमंना..." धनाजी बोलून गेला. एवढं खरं तो तिच्याशी आजवर बोलला नव्हता.

आणि बबीताला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसायला लागली, तिच्या मागं दुर्गा, मग सगळं अंगण. डोळ्यांतनं पाणी येईस्तवर हसली.

"अवो, माझ्यासंगं बोलायला मिळावं म्हणून एवढ्या लोकास्नी उपाशी ठिवलंत? म्हाताऱ्या-कोताऱ्यांस्नी? त्या आजारी पोरीला सुदीक?"

"ठेवलं," धनाजी म्हणाला.

"तुमी सांगता तसं त्या मालिकेत काय बी न्हाई बगा. निस्ती बसून बोलत्यात. तुमच्या तोंडनंच ग्वाड लागतं." तिनं डोळे पुसले आणि मांड ठोकून बसली. "आता पयल्यापास्नं सांगा. समद्यांस्नी प्वाटभर जेवू घालून सांगा. बघतेच मी कसा घावत न्हाई त्यो."

धनाजी खाकरला, बाहीनं डोळे कोरडे केले, आणि पहिल्या भागातल्या म्हाताऱ्या सरदाराचं मढं बाजूला ठेवून आधी टेबलावरच्या सगळ्यांना अंडी वाढायला लागला.