मागे सरकणारी रांग

नातीच्या परीक्षेत आम्ही बायकाच तिची पाटी-पेन्सिल होतो. योग शिकवायचं सर्टिफिकेट मिळालं तर माळशेजच्या रस्त्यावरच्या रिसॉर्टात तिची नोकरी पक्की होती. नाही तर पुन्हा गोदामात खोके चिकटवायला जायचं.

परीक्षा घेणाऱ्या बाई कल्याणहून आमच्या टोकावड्याकडच्या गावात आल्या आणि समाजमंदिरात मागच्या भिंतीला खुर्ची लावून बसल्या. त्यांची अट अशी की मुरलेल्या, मधल्या आणि कोऱ्या, तिन्ही रांगांनी एकाच श्वासावर चालायचं. एका आसनातून दुसऱ्यात वाहत जायचं, मध्ये खंड नको. पुढच्या रांगेत नातीच्या आसनगावच्या मैत्रिणी होत्या. त्या वर्षानुवर्षं योग करतात. मधे शाळेतल्या शिक्षिका. शेवटच्या रांगेत मी, माझी जाऊ आणि आणखी पाच कोऱ्या बायका. साडीचा काष्टा मारून.

"श्वास सोडा, वाका," नात म्हणाली. "श्वास घ्या, अर्धं उठा. सोडा, वाका."

हे आम्हाला फार छान जमलं. कंबर वाकली, हात जमिनीला लागले आणि पाय आपोआप एक पाऊल मागे गेले. पन्नास वर्षं भात लावलेल्या बाईचे पाय दुसरं काय करणार? लावणी मागे मागे जातच करतात, पुढे गेलं तर लावलेलं तुडवलं जातं. सात जणी एका ओळीत मागे निघालो. सतरंज्या पुढेच राहिल्या.

"गो, काय भारी चाललंय!" जाऊ म्हणाली.

तेवढ्यात माझं ढुंगण परीक्षावाल्या बाईंच्या गुडघ्याला टेकलं.

"अहो आजी, कुठे निघालात?"

"बांध लागंपर्यंत आमी थांबत नाय, बाय," जावेने उत्तर दिलं, आणि सगळ्या ओळीला हसू फुटलं. मी वाकलेलीच होते, आता हसण्यानं उठता येईना.

वाकूनच मी नातीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आमच्यामुळे पोरीची नोकरी चालली. मला वाईट वाटलं, पण हसू काही थांबेना.

मग ती एकदम ओरडली, "मागची रांग, वळा! तोंड बाईंकडे करा! आता वाका, आणि श्वास घेताना पाऊल मागे!"

वळलो. वाकलो. मागे गेलो. तिकडे पुढच्या मुली त्याच श्वासावर उडी मारून पाय मागे टाकत होत्या, शाळेतल्या शिक्षिका एकेक पाय मागे नेत होत्या आणि आम्ही सात जणी लावणी करत आपापल्या सतरंज्यांवर परत येत होतो. शेवटच्या श्वासाला सगळ्यांचे हात जमिनीवर, पाय मागे. कोणीच मागे राहिलं नाही, कोणीच पुढे गेलं नाही.

परीक्षावाल्या बाई उभ्या राहिल्या. "हे कोणी शिकवलं तुला?"

"आत्ताच सुचलं," नात म्हणाली.

"पास. पण आधी या सगळ्यांना आडवं पाडून श्वास शांत कर."

आम्ही आडव्या झालो. जावेचं पोट हसून उडत होतं, ते बघून माझं. पुढच्या मुलींनाही हसू फुटलं. नात "शांत, शांत" म्हणता म्हणता स्वतःच खाली बसली, पोट धरून.

तेवढं मात्र तिला जमलं नाही.