गुरुवारची गल्ली

भोसरीच्या जुन्या गावठाणातून नाशिक रस्त्याकडे एक गल्ली निघते. तिथे माझं भांड्यांचं दुकान आहे. वडिलांनी ते थाटलं, मी चालवतो, माझ्यानंतर कुणी चालवणार नाही. गल्ली ओस पडत चालली तेव्हा ती सावरायला आम्ही दुकानदारांनी एक समिती केली आणि मला अध्यक्ष केलं. गल्ली थोडीफार सावरली. समोरच्या शिंप्याचं दुकान मात्र त्यात गेलं, आणि त्याला माझं गप्प बसणं कारण झालं. हे मी बरेच दिवस फक्त बायकोला सांगितलं होतं.

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजावून द्यावी लागते. इथल्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घेण्यासाठी कधीतरी तसं ठरलं, आणि सगळ्या पंचक्रोशीचं आयुष्य त्या वारावर बेतलं गेलं. लग्नाची बोलणी गुरुवारी, घरभरणी गुरुवारी, मुलांची जावळं गुरुवारी. माझ्या लहानपणी त्या दिवशी गल्लीत चालायला जागा नसे. कामगार बायकोमुलांना घेऊन यायचा, पातेलं वाजवून बघायचा, त्यावर नाव घालून घ्यायचा, समोर कापड शिवायला टाकायचा आणि भेळ खाऊन घरी जायचा.

पुढे उड्डाणपूल झाला आणि गाड्या आमच्या डोक्यावरून जाऊ लागल्या. जुने कामगार निवृत्त होऊन मोशी-चऱ्होलीच्या फ्लॅटमध्ये गेले. त्यांच्या सुना मोबाइलवर कुकर मागवतात. गुरुवारी गल्लीत येणारी उरली ती एकटी पोरं, लातूर-बीडकडची, बिहारकडची, एका खोलीत पाच-सहा जण राहणारी. ती माझ्याकडून काय घेणार? फार तर एखादा तवा. पण शिंप्याकडे त्यांची रीघ असायची.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. भोसरीतलंच जुनं मुसलमान घर, बोलणं अस्सल गावचं. कंपनी पोरांना जो युनिफॉर्म द्यायची तो कुणालाच धड बसायचा नाही. पँट पायात घोळायची, कंबर सैल, खांदे उतरलेले. मास्तर गुरुवारी सकाळी घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत अंगासारखं करून द्यायचे. एका खोलीतले सगळे निळे शर्ट सारखेच, म्हणून प्रत्येकाच्या कॉलरच्या आत वेगळ्या रंगाच्या धाग्याचा टाका घालायचे. "तुझा पिवळा रं. हिरवा घातलास तर तुझ्या दोस्ताचा घाम तुला लागंल," असं म्हणून स्वतःच हसायचे.

समितीत सगळ्यात उत्साही होता तो मोबाइलच्या दुकानाचा मालक. तिशीतला, हुशार, मनाने वाईट नाही. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना बोलावून त्याने सगळी शटर रंगवून घेतली. माझ्या शटरवर तांब्याचा हंडा आला, मास्तरांच्या शटरवर शिलाई मशीन. मग त्याने योजना मांडली. रविवारी गल्लीत वाहनं बंद, खाण्याच्या गाड्या, गाणीबजावणी, नव्या सोसायट्यांमधली कुटुंबं येतील. त्यासाठी रविवारी सगळी दुकानं उघडी हवीत. मग हाताखालच्या माणसांना सुट्टी कधी? तर गुरुवारी. सगळ्यांनी एकदम बंद ठेवायचं.

ही कुणकुण लागताच मास्तर माझ्याकडे आले. गळ्यात टेप तशीच होती.

"शेठ, काय रंगवायचं ते रंगवा, काय वाजवायचं ते वाजवा. गुरवारला तेवढा हात लावू नका. आमी गुरवारावरच हाय."

"मास्तर, मी आहे ना अध्यक्ष. तुम्ही काही बोलू नका, मी बोलतो."

"तुमी म्हणता तर न्हाई बोलत."

माझ्याच दुकानात, स्टुलावर बसून त्यांनी हे कबूल केलं. त्यांना गप्प राहायला मीच सांगितलं होतं. पुढचं सगळं आठवताना मला आधी ते आठवतं.

बैठक मारुतीच्या देवळामागच्या सभामंडपात झाली. मास्तर मागच्या रांगेत खांबाला टेकून बसले होते. कुणीतरी विचारलं, "गुरुवारीच का पण? मंगळवार करा की."

मोबाइलवाला म्हणाला, "अहो, गुरुवारी लाइट जाते, पाणी नसतं, दुरुस्तीचा वार तो. आणि शटर खाली असली तरच चित्रं दिसतात ना राव! लोकांनी फोटो काढायचे कधी? अजून एक सांगतो, राग मानू नका. गुरुवारी इथं येतं कोण? नुसतं लेबर. पोरं घोळक्यानं उभी असतात, ते बघून सोसायटीतली बाई स्कूटी वळवून परत जाते."

काही जण हसले. मग तो माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही सांगा. गुरुवारी तुमचं काय विकतं? एक झारा?"

पुन्हा हशा झाला. मीही हसलो. खरं तर तेव्हा मी बोलायचं होतं. माझ्या मनात वाक्य तयार होतं. पण त्याच सकाळी त्याने मला सांगितलं होतं की रविवारच्या बाजारात पितळी-तांब्याची भांडी पुढे मांडायची, शहरी लोकांना ती घरात शोभेला हवी असतात. माझ्या डोळ्यांसमोर ती मांडामांड होती. शिवाय सगळे माझ्याकडे आदराने बघत होते, आणि त्या आदराची मला चटक लागली होती. मी म्हणालो, "बहुमताने जे ठरेल ते." हात वर झाले. मीही माझा हात वर केला. मागे बघायचं मी टाळलं.

पहिल्या गुरुवारी गल्ली रंगीत दिसली. ओळीने खाली ओढलेली शटर, फोटो काढणारी चार मुलं. फक्त मास्तरांचं शटर अर्धं वर होतं. रंगवलेल्या मशीनचं नुसतं चाक दिसत होतं, बाकीचं वर गुंडाळलेलं. आतून मशीनचा आवाज येत होता आणि बाहेर पाच-सहा पोरं पँटी हातावर टाकून उभी होती.

मोबाइलवाला माझ्याकडे आला. "काका, अध्यक्ष तुम्ही. एकाला सोडलं तर उद्या सगळे उघडतील. तुमचं ऐकतील ते."

मी गेलो. वाकून आत बघितलं. मास्तरांनी मान वर केली नाही. सुई चालू होती.

"मास्तर, ठरलंय ना सगळ्यांचं. आजचा दिवस..."

"ह्यांचं काय करू?" त्यांनी बाहेरच्या पोरांकडे हनुवटी केली.

"उद्या बोलवा."

बाहेरचा एक पोरगा फिस्सकन हसला. बोलण्यावरून बीडकडचा वाटला. "उद्या? उद्या फस्ट शिफ्ट हाय काका. उद्या काय साडेसाहाला उघडताव व्हय तुमी?"

"मंग सुपरवायजरला सांग, भांड्यावाल्या काकांनी सुट्टी दिली म्हनून," दुसरा म्हणाला. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी हातातली शिलाई पुरी केली, धागा दाताने तोडला, ती पँट पोराला दिली आणि बाकीच्यांना म्हणाले, "जावा बाळांनो. आज बंद हाय." मग आकडी घेऊन शटर खाली ओढलं. मशीनचं चित्र पूर्ण झालं, आणि फोटो काढणारी मुलं पुढे सरसावली.

मास्तर कुलूप लावून पायऱ्या उतरले आणि घराकडे गेले.

रविवार चांगले चालू लागले हेही सांगितलं पाहिजे. चऱ्होलीहून कुटुंबं येतात, दाबेली खातात, मुलं फुगे घेतात. माझी जुनी समई, घंगाळ, फिरकीचे तांबे विकले गेले. मोबाइलवाल्याने शेजारचा गाळाही घेतला. मास्तरांकडे मात्र रविवारी कुणी येईना. त्या बायकांच्या ब्लाऊजचे शिंपी ठरलेले, पुरुष तयार कपडे घेणारे. आणि पोरं रविवारी कामावर. पावसाळा संपता संपता मास्तरांनी मशीन टेम्पोत घातली आणि म्हाळुंग्याला नेली. चाकणच्या कारखान्यांची पोरं तिकडे खोल्या करून राहतात. मास्तरांच्या वडिलांच्या काळापासूनचं गल्लीतलं ते दुकान आता मोमोजवाल्याने भाड्याने घेतलं आहे.

गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी मी म्हाळुंग्याला गेलो. दोन चाळींच्या मधल्या बोळात पत्र्याची खोली. पुढे कामाचा ढीग. मास्तर मला बघून थांबले नाहीत. "बसा," एवढंच म्हणाले. बराच वेळ मी गिऱ्हाइकांमध्ये बसून राहिलो. मग म्हणालो, "मास्तर, त्या बैठकीत मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय. बोलायला पायजे हुतं," ते म्हणाले. "मी वाट बगितली. हात वर कराया लावले तवा बी तुमच्याकडंच बगत हुतो."

मला वाटलं होतं, ते म्हणतील की जाऊ द्या, झालं गेलं. त्यांनी तसं म्हटलं नाही. तो त्यांचा हक्क होता.

"परत या," मी म्हणालो. "गुरुवारची अट मी उठवायला लावतो. दुसरा गाळा बघू."

"न्हाई शेठ. हितं आता कुटं बस्तान बसतंय. म्हाताऱ्याला एकदा उठवलंत, दुसऱ्यांदा नगा उठवू." मग चाळीच्या तोंडाशी असलेल्या टपरीवाल्याला त्यांनी हाक मारली, "एक च्या दे रं पावण्याला." इतकी वर्षं समोरासमोर काढून मी त्यांचा पाहुणा झालो होतो.

परत आल्यावर मी अध्यक्षपद सोडलं. आता गुरुवारी मी दुकान उघडतो. समितीने दोनदा निरोप पाठवला, मग नाद सोडला. बायको विचारते, "कुणासाठी उघडता?" विक्री जवळजवळ होत नाही. यातून मास्तरांचं काही भलं होत नाही, हेही मला कळतं.

पण पोरं अजून येतात. ज्यांना ठाऊक नाही ती, गावाकडून परतलेली, कुणी मित्राने सांगितलं म्हणून आलेली. हातावर घडी केलेली पँट असते. मोमोजच्या पाटीकडे बघत गोंधळून उभी राहतात, मग माझं दुकान उघडं दिसतं म्हणून इकडे येतात. मी म्हाळुंग्याचा पत्ता सांगतो, कुठली बस धरायची ते सांगतो. सुरुवातीला कुणी "का गेले?" असं विचारलं तर मी म्हणायचो, तिकडे धंदा जास्त आहे.

परवा एकाने तेच विचारलं. ओठावर मिशी नुकती फुटलेली, कंपनीचा शर्ट खांद्यावरून उतरलेला. मी त्याला सांगितलं, "आम्ही दुकानदार ठरवून गुरुवारी गल्ली बंद ठेवायला लागलो. मीही हात वर केला होता. म्हणून गेले."

त्याला राग आला नव्हता, फक्त समजत नव्हतं.

"पन काका, आमाला सुट्टीच गुरुवारी असतीय," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो.