तेरसिंगचा लाल कोट

प्रमाणित करण्यात येते की, श्री. तेरसिंग बादल भिल, वय वर्षे एकसष्ट (अंदाजे), राहणार भिलांचा पाडा, तालुका शिरपूर, जिल्हा धुळे, हे ‘न्यू सातपुडा धमाका बॅण्ड’ या पथकाचे संस्थापक सदस्य व एकमेव पावरीवादक आहेत. उंची मध्यम, गाल सामान्यतः फुगलेले. सदर इसमाशिवाय पथकाचा कार्यक्रम होऊ शकत नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.

हा दाखला तोतारामनं दोंडाईच्यात टाईप करून घेतला आणि शिक्काही स्वतःच मारला. संबंधित म्हणजे कोण, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तो धुळ्याच्या एका बॅण्डात तीस वर्षं ड्रम वाजवायचा. मालकानं डीजे घेतला आणि बॅण्ड मोडला. पिंप्राळ्याच्या उखर्डूची बेंजो पार्टीही तशीच बसली. मग या दोघा उरलेल्यांनी तेरसिंगला गाठलं.

पावरी म्हणजे भोपळा, बांबू आणि पुढे शिंग. नाकानं श्वास आत घेत गालातला बाहेर सोडायचा, म्हणजे सूर तुटत नाही. तिच्यावर उखर्डूचा बेंजो कर्ण्यातून किंचाळायचा, तोताराम उभ्यानं ड्रम बडवायचा, आणि लग्नातलं कुठलंही गाणं दुप्पट वेगानं निघायचं. चाल ओळखू येईनाशी झाली की लोक नाचायला लागायचे.

तेरसिंगची अट एकच होती. कोट.

तोतारामच्याच जुन्या बॅण्डात तो बावीस वर्षं होता, पण वाजवायला नाही. वरातीच्या कडेनं डोक्यावर दिवे घेऊन चालायला. वाजवणाऱ्यांना लाल कोट, सोनेरी फीत, खांद्यावर झुपके. दिवेवाल्यांना डोक्यावर दिव्याखाली ठेवायला चुंबळ. हंगाम संपला की कोट मोजून पेटीत जात; चुंबळ कुणी परत मागितली नाही. म्हणून नव्या बॅण्डात त्यानं स्वतःच्या मापाचा कोट शिवून घेतला. तो घालून अंगणात उभा राहिला, तेव्हा बायको चमेलीबाई म्हणाली, “वाजवायला चाललात की बोहल्यावर?” तो लाजला, पण कोट दिवसभर काढला नाही.

जळगावचं बोलावणं आलं ते पुखराजशेठच्या नातवाच्या, तरुणच्या लग्नाचं. तरुणनं शिरपुरात यांना ऐकलं होतं. तिघं दुपारी लॉनवर पोहोचले. तिथे सगळी व्यवस्था भूषणकडे होती. हातात वॉकीटॉकी, वय तिशीच्या आत. त्यानं तेरसिंगपुढे एक पिशवी धरली. आत प्लास्टिकची पिसं आणि हिरव्या पाल्याचा घागरा.

“काका, हे घाला. वरातीची थीम जंगल आहे.”

“अन् हे?” तेरसिंगनं दोघांच्या कोटांकडे बोट केलं.

“ते बॅण्डवाले आहेत, त्यांना कोट चालतो. तुम्ही खरे आहात ना! फोटोत खरं दिसायला पाहिजे.”

तेरसिंग तोतारामकडे वळला. “तुले माहीत व्हतं?”

तोताराम ड्रमची दोरी आवळत राहिला. दोरी आधीच आवळलेली होती. “पंधरा दिन व्हयनात.”

“अन् सांगं नही?”

“सांगतू तं तू येतास का?” उखर्डू मधे पडला. “एक घंटाना प्रश्न शे, भाऊ. बठ्ठा लोकेसना पुढे तूच ऱ्हाशी. आम्हले कोन देखस?”

“तुमले कोट, अन् माले पाला?”

“नाटक नको करू, तेरसिंग,” तोताराम म्हणाला. “दिवा धरतास तवय काय कोट व्हता?”

हे बोलून त्यानं जीभ चावली असेल, पण तशी दिसली नाही. तेवढ्यात पुखराजशेठ तिथून गेले. सगळ्यांनी पाणी घेतलं का, एवढं आपुलकीनं विचारून गेले. तेरसिंगनं पिशवीची घडी घातली, खुर्चीवर ठेवली, पावरी काखेत मारली आणि फाटकाकडे चालू लागला. कोट अंगावरच होता. फाटकावरच्या रखवालदारानं त्याला बॅण्डवाला समजून आत जायची वाट दाखवली.

मागे राहिलेल्या वाजवणाऱ्यांनी फार वेळ दुःख केलं नाही. सकाळी निघण्याआधी झालेला सराव उखर्डूच्या मोबाईलमध्ये होता. भूषणनं तो स्पीकरला जोडला. पिसं आणि पाला एका वाढप्याला घातला, हातात सजावटीतला भोपळा दिला आणि गाल फुगवायला शिकवलं. तो लवकर शिकला.

वरात सव्वाचारला निघाली. पावरी पाऊण तास अखंड वाजली. लोक नाचले, फोटो चांगले आले.

तेरसिंग त्या वेळी चोपड्यामार्गे शिरपूरला जाणाऱ्या एसटीत होता.