हातानेच ठोकणारी एल्डीन

आमच्या फ्रेंच बोलणाऱ्या किनाऱ्यावर आडनावं सगळी मिळून सात-आठ. त्यामुळे माणूस ओळखायचा तो बापाच्या नावानं. एल्डीन म्यूजला कुणी म्यूज म्हणत नसे, ती सिमोनची एल्डीन. सिमोन छपरं शाकारायचा. त्याच्या बापानंही तेच केलं होतं, देवदारी फळकुटांच्या काळात.

एल्डीन एकोणीस वर्षांची असताना सिमोनचा खुबा मोडला. पाद्र्याच्या घराचं एक पाखं शाकारून झालं होतं, दुसरं उघडं पडलेलं, आणि आभाळ समुद्राच्या बाजूनं काळं होत आलेलं. सिमोन अंथरुणात पडून, आता कुणाला बोलवावं म्हणून एकेक नाव आठवत होता. तो चौथ्या नावापर्यंत येईतो एल्डीननं त्याचा हातोडा उचलला, खिळ्यांची पेटी छातीशी बांधली आणि घराबाहेर पडली. पाद्री अंगणात येऊन म्हणाला, हे मुलीचं काम नव्हे, गावात चर्चा होईल. ती आढ्यावरून म्हणाली, "फादर, गावानं गप्प बसावं म्हणून तुम्ही अंथरुणात पाऊस घेणार का?" पाद्री आत गेला. पाऊस यायच्या आत पाखं झाकलं गेलं. गावानं मग दोन-तीन वर्षं चर्चा केली आणि दुसरा विषय मिळाल्यावर सोडून दिली.

मी रेमी. हिलेर आमिरोच्या टोळीत कामाला लागलो तेव्हा एल्डीन तिथली जुनी होती आणि मी तिशीतला, मासेमारीला कंटाळलेला गडी. हिलेर मालक, पण तोही सिमोनच्याच हाताखाली शिकलेला. शिंगल ठोकायला मला एल्डीननं शिकवलं. शिंगल म्हणजे कौलांऐवजी छपरावर ठोकायचे चपटे तुकडे; आमच्याकडची शिंगलं डांबराची, वरून बारीक खडी चिकटवलेली. खालची ओळ ठोकायची, तिचे खिळे वरच्या ओळीनं झाकायचे, असं करत वळचणीपासून आढ्यापर्यंत जायचं. ती दोन घावांत खिळा बसवायची. एक खिळा उभा करायला, दुसरा बसवायला. खिळ्याचं डोकं शिंगलाला टेकलं पाहिजे, रुतता कामा नये. माझे चार घाव व्हायचे, त्यातला एक अंगठ्यावर.

मधेच ती थांबायची, ठोकलेला खिळा उपटायची, भोकावर डांबर लावायची आणि दोन बोटं सरकून नवा ठोकायची. मी एकदा विचारलं, हे कशासाठी.

"खाली फट आहे," ती म्हणाली.

"तुला काय दिसतंय का?"

"हाताला कळतं. लाकूड खिळा धरतं, फट गिळते."

हळूहळू मलाही कळायला लागलं. पण तेवढ्यात हिलेरनं हॅलिफॅक्सहून एक कॉम्प्रेसर आणि त्याच्या हवेच्या दाबानं खिळे मारणाऱ्या दोन बंदुका आणल्या.

खोटं कशाला सांगू, मला ती बंदूक पहिल्या तासातच आवडली. घोडा दाबला की फट्, फट्, फट्. दिवसाचं काम जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकायचं. माझा अंगठा पहिल्यांदाच दिवसभर शाबूत राहिला. दुसरी बंदूक हिलेरनं एल्डीनपुढं धरली. तिनं हातात घेऊन तोलून पाहिली आणि परत दिली.

"सवय होईल वजनाची," हिलेर म्हणाला.

"वजनाचं म्हणत नाही मी. खिळा कुठं गेला ते मला कळायला पाहिजे."

"खाली गेला. आणखी कुठं जाणार?"

आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही, रागावलीही नाही. आपली पेटी बांधून वर गेली. मग तसंच ठरून गेलं, एक पाखं तिचं आणि एक आमचं. आमचं आधी व्हायचं आणि आम्ही खाली बसून चहा पीत वरचं टक्-टक् ऐकायचो. मी तिला सुतारपक्षी म्हणायला लागलो. सकाळी विचारायचो, सुतारपक्षी उठला का?

"सुतारपक्ष्याला पोकळ लाकूड कळतं, रेमी," ती एकदा म्हणाली. "तुझ्या यंत्राला कळतं का?"

मी जास्तच हसलो.

मग गावच्या अग्निशमन केंद्राचं छप्पर आलं. खाली बंब उभा राहतो आणि मागच्या मोठ्या खोलीत लग्नाची जेवणं, पत्त्यांचे डाव, गावजेवणाला रापूर, म्हणजे बटाटा किसून कोंबडीबरोबर भाजतात ती, सगळं होतं. गावातलेच लोक आगीला धावतात. त्यांचा म्होरक्या डेल्फिन पोतिए, सत्तरीला टेकलेला. तरुणपणी हे केंद्र बांधताना त्यानं स्वतः फळ्या वाहिल्या होत्या. जुनं छप्पर उचकटलं तेव्हा त्या फळ्या उघड्या पडल्या. वाळून वाळून त्यांच्यामधे बोटबोट फटी झाल्या होत्या. एल्डीननं तिथंच हिलेरला सांगितलं, एक तर वरून प्लायवूड टाक, नाहीतर सगळं हातानं ठोकू. हिलेर म्हणाला, शनिवारी इथं लग्न आहे, प्लायवूड यायला आठवडा जाईल, कामाला लागा.

पूर्वेचं पाखं आम्ही दीड दिवसात संपवलं. जुलै महिना, ऊन असं की शिंगलं बुटाखाली मऊ लागत होती. मंगळवारी दुपारी एल्डीन डांबराचा डबा घ्यायला आमच्या बाजूला आली. शिंगलं अजून एकमेकांना चिकटली नव्हती. जाता जाता तिनं एकाची कड उचलून पाहिली. मग दुसऱ्याची. मग डबा ठेवला आणि खिशातून निळा खडू काढला.

मी खालून ओरडलो, काय चित्रं काढतेस? ती एकेका खिळ्याच्या जागी फुली मारत पुढं सरकली. चार वाजेपर्यंत माझ्या पाख्याला गोवर आल्यासारखं दिसत होतं. मी तावातावानं वर गेलो.

"हा ओढ," ती म्हणाली आणि एक कड उचलून धरली.

मी दोन बोटांनी खिळा ओढला. लोण्यातून यावा तसा आला. शेजारचा खिळा फळीत होता, पण मऊ शिंगलाला भोक पाडून आरपार रुतलेला. त्यानं धरून काहीच ठेवलं नव्हतं.

"चार-दोन असे निघतातच," मी म्हणालो.

"एकशे बारा झालेत. खालच्या ओळी अजून बघायच्यात."

मी तेव्हाच मान्य करायला हवं होतं. पण माझा पारा चढला होता. मी खाली उतरलो, केंद्रातल्या फोनवरून हिलेरला कळवलं की एल्डीन झालेल्या कामाची नासाडी करतेय. ती चुगली माझी. पुढं हे मी तिच्यापाशीही कबूल केलं आणि इथंही लपवत नाही.

हिलेर गाडी घेऊन आला. सहा वर्षांपूर्वी त्याला छपरावर भोवळ आली होती, तेव्हापासून तो शिडीच्या तिसऱ्या पायरीच्या वर चढलेला कुणी पाहिला नव्हता. त्यानं खालून हाक मारून तिला उतरायला सांगितलं. ती म्हणाली, तू वर ये, दाखवते. तोवर डेल्फिन बाहेर आला होता, रस्त्यावरची दोन-चार माणसं थांबली होती. त्यांच्यासमोर हिलेरचा आवाज वाढला. सगळा देश बंदुकीनं ठोकतो, म्हणाला, शिंगलं बनवणारेसुद्धा चालेल म्हणतात, आणि शहाणी तेवढी सिमोनची पोरगी?

"खाली उतर एल्डीन, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

तिनं शिडीची गाठ सोडली. मला वाटलं, उतरतेय. तिनं दोर धरून शिडी वर ओढून घेतली, पाख्यावर आडवी ठेवली आणि आढ्यावर जाऊन बसली.

हिलेर डेल्फिनकडे वळला. बंबाची शिडी लाव आणि तिला खाली आण, म्हणाला.

डेल्फिननं वर पाहिलं. "ती शिडी आगीसाठी असते," तो म्हणाला. "आग लागली की लावतो."

लोक हसले. हिलेर आणखी लाल झाला. जायला निघाला, गाडीचं दार उघडलं, पण गेला नाही. सगळं गाव बघत असताना त्याला तिथून जाताही येत नव्हतं. एल्डीननं जेवणाचा डबा उघडून काकवी लावलेली भाकरी खाल्ली. ऊन उतरलं तसं कुणीतरी विचारलं, वर थंडी वाजत नाही का? ती म्हणाली, हवा छान आहे, ज्यांचं या छपराखाली लग्न आहे त्यांना विचारा. दोन तास असे गेले. समुद्रावरून धुकं सरकत आलं आणि गर्दी वीस-पंचवीसांवर गेली.

शेवटी हिलेरनं गाडीचं दार लावलं.

"टाक शिडी," तो म्हणाला.

तिनं शिडी सोडली आणि वरून घट्ट धरली. हिलेर चढला. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, खाली न बघता. छपरावर तो हातापायांवर रांगत गेला. कुणी हसलं नाही. आम्हाला खालून दोघांची डोकी तेवढी दिसत होती. एल्डीन काही समजावून सांगत नव्हती. तिनं त्याला सिमोनचा हातोडा दिला आणि माझ्या खिळ्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं. एवढंच म्हणाली, "प्रत्येकाच्या शेजारी एकेक ठोकून बघ."

हिलेरचा हात विसरला नव्हता. पहिला खिळा ठक् ठक् बसला. दुसराही. तिसऱ्याचा आवाज वेगळा आला, रिकाम्या पिंपावर टिचकी मारल्यासारखा. चौथा ठीक. पाचवा, सहावा पोकळ. खाली उभ्या माणसांत निम्मे मच्छीमार होते, ज्यांनी आयुष्यात छप्पर ठोकलं नव्हतं, पण त्यांनाही फरक ऐकू येत होता. डेल्फिन बोटं मोजत होता. हाताची पाचही बोटं संपली तेव्हा त्यानं मोजणं सोडलं.

हिलेर खाली उतरला. त्यानं माझ्याकडे पाहून सांगितलं, उद्या सकाळी पूर्वेचं पाखं सगळं उचकटायचं. मग गाडीत बसून गेला.

आम्ही उचकटलं आणि तिघा-चौघांनी हातानं ठोकलं, मी माझ्या चार-चार घावांनी. शुक्रवारी संध्याकाळी संपलं. लग्न डांबराच्या वासात लागलं, पण लागलं. शनिवारी सकाळी अवजारं गोळा करताना हिलेर एल्डीनपाशी आला. मी शेजारीच होतो.

"तुझं खरं होतं," तो म्हणाला. "पण मला गावासमोर रांगायला लावलंस. आता माझ्याकडे तुझ्यासाठी काम नाही."

"तू चढलास, हिलेर. मला तेवढंच पाहिजे होतं," ती म्हणाली आणि पेटी काखेत मारून चालत घरी गेली.

मी तिच्या बाजूनं एक शब्द बोललो नाही. हिलेरकडेच राहिलो, बंदुकीवरच राहिलो. दोन महिने तिला बघून रस्ता बदलत होतो. मग एकदा दुकानात समोरासमोर आलो आणि मी कबूल केलं की फोन मी केला होता. ती म्हणाली, माहीत आहे, केंद्रात फोन एकच आहे. आता मी स्वतःची कामं घेतो, आणि आजही बंदूकच चालवतो. फक्त आता जुन्या फळ्यांवर आधी प्लायवूड टाकतो, सकाळचे पहिले दहा खिळे कड उचलून बघतो आणि ऊन चढलं की दाब कमी करून पुन्हा बघतो. माझी छपरं टिकलीत. तीही ते नाकारत नाही. पण बंदूक हातात घेत नाही.

ती एकटीच कामं घेऊ लागली. छोटी घरं, बोटींच्या शेडी. पन्नाशीनंतर उजवं कोपर गेलं. यार्मथच्या डॉक्टरनं हातोडा सोडायला सांगितला. आता तरी बंदूक घे, पाप नाही, असं गाव म्हणायला लागलं. मी माझी जुनी बंदूक तिच्या घरी नेऊन दिली. तिनं चहा पाजला, कोपराचं दुखणं सांगितलं आणि निघताना बंदूक माझ्या हातात परत ठेवली.

"देवानं दोन दिलेत," ती डावा हात दाखवत म्हणाली.

तो अख्खा हिवाळा तिच्या शेडमधून ठोकण्याचा आवाज यायचा. उतरती चौकट उभी करून, टाकाऊ फळ्यांवर, डाव्या हातानं. आधी आवाज वेडावाकडा यायचा, मधे शिव्या. मार्चमधे ती वाकड्या खिळ्यांची बादली भंगारात द्यायला घेऊन चालली होती, तेव्हा मी उचलायला गेलो. तिनं उचलू दिली नाही.

मे महिन्यात तिनं पलीकडच्या इंग्रजी बोलणाऱ्यांच्या गावात एका विधुराच्या घराचं काम धरलं. मी बघायला गेलो. तिनं तीन ओळी ठोकल्या, मागं सरकून पाहिल्या, किंचित तिरक्या दिसल्या म्हणून तिन्ही उपटून काढल्या. खालून तो म्हातारा काकुळतीला आला. अहो बाई, छान होत्या की, इथून कुणाला दिसतंय?

"मी इथं वर आहे," ती म्हणाली. "मला दिसतंय." आणि पुन्हा वळचणीपासून सुरुवात केली.

आज ती त्रेसष्ट वर्षांची आहे. डाव्या हाताला एका खिळ्यामागे तीन घाव लागतात आणि दिवसाला फार तर दोन-तीन ओळी कमी होतात, त्या ती दुसऱ्या दिवशी तासभर लवकर येऊन भरून काढते. वसंतात छप्पर पाहिजे म्हणून आलेल्याला ती शरदातली तारीख देते. कुणी कुरकुर केली तर सरळ माझं घर दाखवते. माझ्याकडे येणारे निम्मे लोक तिनंच पाठवलेले असतात, आणि दारात उभे राहून सगळे एकच सांगतात, "ती म्हणाली, तुम्हाला घाई दिसतेय, रेमीकडे जा."